त्र्यंबकचा काढा

“आणि मी काय करायचं?” सोमगिरीबाबांनी अंथरुणातूनच विचारलं.

“काही नाही. स्वस्थ पडून राहायचं,” त्र्यंबक म्हणाला. “आजपासून काढा दुप्पट देतोय. तुम्ही रोगी, मी वैद्य. बाकीची चिंता माझी.”

बाबांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

त्र्यंबक त्यांचाच शिष्य. वैद्यकी त्यांच्याकडून शिकला, पुढं काशीला जाऊन ग्रंथ पालथे घातले, आणि परत आला तो स्वर्ग दोन बोटं उरल्यासारखा. गावात तापाची साथ आली तसा त्यानं स्वतःचा नवा काढा तयार केला. मठाची ओसरी तापकऱ्यांनी भरून गेली. मग बाबाही आजारी पडले, आणि त्र्यंबकचा जीव टांगणीला लागला. आईबापांमागं त्याला वाढवलं ते याच माणसानं.

त्यानं वाटी बाबांच्या ओठांना लावली.

ओठ उघडले नाहीत. काढा दाढीवरून ओघळला.

“बाबा, तोंड उघडा.”

…

“घसा दुखतोय का? मळमळतंय?”

…

“काहीतरी बोला ना.”

बाबा आपले स्वस्थ. त्यांना तेच तर सांगितलं होतं.

त्र्यंबकनं नाडी धरली. नाडी धावत होती, पण कशानं, ते कळेना. जीभ बघावी तर तोंड बंद. ग्रंथ आठवावा तर एक ओळ आठवेना. हा माणूस असाच हातचा जाणार, या भीतीनं त्याला दरदरून घाम फुटला.

शेवटी त्यानं वाटी खाली ठेवली.

“मला काही सुचेनासं झालंय, बाबा.” तो रडकुंडीला आला होता. “तुम्हाला काय होतंय, तुम्हीच सांगा.”

बाबांनी डोळे उघडले.

“काढा घेतला की ताप उतरतो. पण मग हातपाय गार पडतात, छाती धडधडते. काल निम्मीच वाटी घेतली. ताप उतरला, बाकी काही झालं नाही.”

“निम्मी? आणि उरलेली?”

“तुळशीला घातली.”

“मग मला बोलला का नाहीत?”

“कधी बोलणार? वाटी हातात देऊन तू पुढं निघालेला असायचास.”

त्र्यंबकनं दाराकडं पाहिलं. ओसरीवर त्यानं आज सकाळीच सगळ्यांना दुप्पट काढा पाजला होता. म्हातारी माणसं होती, एक बाळंतीण होती. कसं वाटतंय, म्हणून एकालाही विचारलं नव्हतं.

“बाबा, त्यांना… त्यांना किती सोसेल?”

बाबांनी कूस बदलली आणि पांघरूण वर ओढून घेतलं.

“मला काय विचारतोस? माझ्याहून जाणते वैद्य ओसरीवर निजलेत.”