परीचे पाच दिवे आणि हौसाच्या जुड्या

जंगलाच्या अगदी कडेला कुडाचं एक एवढंसं घर होतं. तिथं हौसा आणि तिची आई राहायच्या. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि गावातला वाणी त्याबदल्यात ज्वारी द्यायचा. पण आईचा पाय मोडला, आणि पानं खुडायला, पत्रावळी पोचवायला इवलीशी हौसाच जाऊ लागली. वाण्यानं तिला पहिल्याच वेळी फसवलं. एकतीस पत्रावळी घेतल्या आणि तेराचीच ज्वारी दिली. वर गोड हसून म्हणाला की दोन्हींत एक आणि तीनच आहेत, मग फरक कसला. मायलेकी अर्धपोटी राहिल्या. तेव्हापासून हौसाचा गोड बोलण्यावरचा विश्वासच उडाला.

एके दुपारी ती पळसाखाली पानांचा ढीग लावत होती. शेजारच्या गोकर्णीच्या निळ्या फुलातून सोनेरी उजेड झिरपला आणि बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे इवलेसे पंख मोरपंखी होते, केसांत दवाचे चिमुकले मणी चमकत होते.

हौसा दोन पावलं मागे सरली. तिनं आधी परीचे पाय पाहिले. पावलं उलटी नव्हती. मग सावली पाहिली. सावलीही होती, फुलपाखराएवढी.

परीनं नाजूक आवाजात सांगितलं, माझ्याजवळ पाच दिवे आहेत. प्रत्येकावर एक आकडा आहे. या वेलीवर ते लहानापासून मोठ्यापर्यंत टांग, मी तुझी एक इच्छा पूर्ण करीन. एक दिवा जरी चुकला, तरी तो कायमचा विझेल आणि इच्छाही जाईल.

हौसानं डोळे बारीक केले. एवढ्याशा कामाला एवढं मोठं बक्षीस? तिनं विचारलं, "यात तुला काय मिळणार?"

परीचा उजेड थरथरला. "मला घरी जाता येईल," ती हळूच म्हणाली. परीराणीनंच हे काम नेमून दिलं होतं. दिवे सात होते. परीनं स्वतः लावायला घेतले, तेव्हा दोन चुकले आणि विझले. तिनं डावा पंख उलगडून दाखवला. त्या चुकांपायी त्याचं टोक राखेसारखं करडं झालं होतं.

हे नाटकही असेल, हौसाच्या मनात आलं. तरी ती दिव्यांजवळ बसली. दिवे जांभळाएवढे होते. त्यांवर लिहिलं होतं: ७२, ९, ३८, २७, ३१.

"नऊ सगळ्यांत शेवटी लाव," परी म्हणाली. "नऊ सर्वांत मोठा."

हौसाला पुन्हा संशय आला. तिनं नऊ पानं मोजली. त्यावर आणखी एक पान ठेवलं आणि दहा पानांची जुडी वेलीच्या दोरीनं बांधली. आई तिला असंच मोजायला शिकवायची. नऊमध्ये एकही जुडी होत नव्हती, एक पान कमी पडत होतं. बाकीच्या सगळ्यांत होत होती. हौसानं ९ चा दिवा सर्वांत आधी टांगला. तो पिवळाधमक उजळला.

परीनं तोंडावर हात ठेवला. मग २७ आणि ७२ कडे बोट दाखवून ती पुटपुटली, "या दोन्हींत दोन आणि सातच आहेत. मग हे सारखेच ना?"

हौसाचे कान तापले. हे तर वाण्याचंच बोलणं. ती रागानं वळली, पण परीच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. पाण्याचे टपोरे थेंब होते. "आमच्याकडे नऊच्या पुढे आकडेच नसतात," परी म्हणाली. "खरंच मला कळत नाही गं."

हौसाचा राग विरघळला. तिनं ढिगातली पानं ओढून घेतली. एवढी पानं बांधताना, सोडताना चुरगळणार होती, त्यांच्या पत्रावळी होणार नव्हत्या. पण परीला नीट कळायला हवं होतं.

"आकड्यात डावीकडे जुड्या असतात आणि उजवीकडे सुटी पानं," हौसा म्हणाली. "आधी जुड्या बघायच्या."

सत्तावीसच्या दोन जुड्या आणि सात सुटी पानं. बहात्तरच्या सात जुड्या आणि दोनच सुटी. दोन्ही ढीग शेजारी ठेवले, तर बहात्तरचा ढीग परीपेक्षाही उंच झाला.

मग हौसानं एकतीस आणि अडतीसच्याही जुड्या लावल्या, तिथं परी अडखळली. "दोघांच्या जुड्या तीनच," ती म्हणाली. थोडा वेळ ती पानांभोवती घिरट्या घालत राहिली. मग तिनं स्वतःच सुटी पानं मोजली. एक पान आणि आठ पानं. "म्हणजे एकतीस लहान, अडतीस मोठा?"

हौसानं मान डोलावली, पण दिवा टांगण्याआधी स्वतः पुन्हा मोजून पाहिलंच.

वेलीवर एकेक दिवा लागत गेला. पिवळ्यानंतर २७ हिरवा, ३१ निळा, ३८ गुलाबी. सर्वांत शेवटी ७२, डाळिंबासारखा लालचुटुक. परीचा करडा पंख पुन्हा मोरपंखी झाला.

"आता माग," परी म्हणाली.

हौसानं सोनं मागितलं नाही, ज्वारीची रासही नाही. "माझ्या आईचा पाय बरा कर," ती म्हणाली.

परीनं तिच्या कपाळाला हळूच पंख टेकवला. पाची दिवे एकदम फुलले, वेलीभर रंगीत उजेड सांडला आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

हौसा फुलापाशी थांबून राहिली. खरंच काही झालं असेल का? तिला खात्री वाटेना.

एवढ्यात पायवाटेवर पाचोळा वाजला. आई येत होती. काठी नव्हती, लंगडणं नव्हतं. एकेक पाऊल टाकून ती थांबायची, आपल्याच पायाकडे नवलानं बघायची आणि पुन्हा पुढचं पाऊल टाकायची.

हौसा तिच्याकडे धावत सुटली.