वानरपान

समोरचा उघडा माथा दिसतो ना, त्याला वानरमाथा म्हणतात. वर एकच दाट झुडूप आहे आणि त्याच्याभोवती गुडघाभर उंचीची दगडांची गडग. ते वानरपान. पान तोडलंत तर चीक बोटाला लागतो आणि तो कडवटपणा दिवसभर जात नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. आमच्या ठाकरवाडीतही ते पान कुणी आपल्या हातानं तोडून खात नाही. का, ते सांगतो. मी माझ्या चुलत्याकडून ऐकलं, त्यानं त्याच्या आजीकडून.

तेव्हा वाडी खाली ओढ्याकाठी होती, असं सांगतात. एका पावसाळ्यात पोरांना जंतांनी धरलं. पोटं नगाऱ्यासारखी फुगली, हातपाय काड्या झाले. घाट दरडींनी बंद, त्यामुळे वैदू यायचा तोही आला नाही. वाडीतली काही पोरं गेली. त्यात पोशी आणि नवश्या या जोडप्याचा थोरला काळूही गेला. धाकटी चिंधी उरली होती, आणि तिचंही पोट फुगायला लागलं होतं.

पोशी तिला पाठीशी बांधून कंद खणायला माथ्यावर जायची. एकदा तिला वानरांच्या टोळीपासून लांब बसलेली एक वानरीण दिसली. केस विस्कटलेले, पोट तट्ट. ती सरकत सरकत त्या झुडपापाशी गेली आणि पानं चघळू लागली. तोंड वेडंवाकडं करी, लाळ गाळी, पण थांबेना. मग ती झिंगल्यासारखी डुलायला लागली. तेव्हा टोळीतली एक म्हातारी वानरीण उतरून तिला टेकून बसली आणि तिच्या अंगातल्या उवा वेचत राहिली. ऊन कलेपर्यंत ती हलली नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी पोशी मुद्दाम गेली. झुडपाजवळच्या विष्ठेत जंत पडलेले होते, आणि ती वानरीण फांदीवर बसून कोवळी पालवी ओरबाडत होती.

पोरीला द्यायच्या आधी पोशीनं स्वतः पान खाल्लं. जीभ बधिर झाली, डोंगर फिरायला लागला. मग अंग कापसासारखं हलकं झालं आणि तिला उगाच हसू आलं. पोर पाठीशी होती, म्हणून ती भुईला धरून पडून राहिली. घेरी उतरल्यावर आपण जिवंत आहोत याची खात्री करून घेतली, आणि मग चिंधीला नखाएवढा तुकडा चारला. पोर गुंगीत गेली. पोशी तिला मांडीवर घेऊन बसली, श्वास बघत. जंत पडले. जाग आल्यावर पोरीनं पेज मागितली, तेव्हा कुठे पोशीला रडू फुटलं.

वाडीतली उरलेली पोरं त्या पानानं वाचली. मोठ्यांनीही खाल्लं, नवश्यानंही. पण पोट बरं झाल्यावरही तो एकटाच माथ्यावर जायला लागला. आज एक पान, उद्या मूठभर. शेत तसंच पडलं. एकदा तो कड्याच्या अगदी टोकाशी निजलेला सापडला. पोशीनं त्याला मागं ओढलं. ती त्याला रागं भरली नाही, असं का करतोस एवढंच विचारलं. तो म्हणाला, "डोकं हलकं होतं गं. तेवढा वेळ काळू आठवत नाही."

नवश्याची ही गत पाहून वाडी त्या झुडपावर चिडली होती. माणसं कोयते घेऊन झुडूप तोडायला निघाली. पोशी आडवी आली.

"तोडू नका," ती म्हणाली. "पुढच्या पावसाळ्यात पोरांना काय द्याल? आपल्या हातानं मात्र कुणी खायचं नाही. ज्याला हवं त्यानं दुसऱ्याकडं मागावं, आणि देणाऱ्यानं उतरेपर्यंत शेजारी बसावं. वानरांना कळतं, आपल्याला नाही का कळणार?"

माणसांनी कोयते टाकले आणि तिथलेच दगड उचलून गडग घातली.

काही दिवसांनी नवश्यानं पोशीकडे पान मागितलं. तिनं विचारलं, "पोटात दुखतंय?"

तो तिच्या शेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, "पोटात नाही."

पोशीनं पान दिलं नाही. पण ती त्याच्यासोबत माथ्यावर गेली आणि गडगेला टेकून बसली. त्या दिवशी नवश्या काळूबद्दल बोलला. तो ओढ्यात खेकडे कसा धरायचा, कुत्र्याला काय नावानं हाक मारायचा. पोर गेल्यापासून, कड्यावरची ती एक वेळ सोडली तर, त्याच्या तोंडून पोराचं नावसुद्धा निघालं नव्हतं. बोलता बोलता दोघंही रडली. पुढेही तो येऊन पान मागायचा, ती नाही म्हणायची, आणि दोघं वर जाऊन बसायची. हळूहळू पान मागणं सुटलं. बसणं सुटलं नाही. चिंधीचं लग्न ठरलं तेही तिथंच बसून, असं म्हणतात.

आता शाळेत पोरांना जंताची गोळी मिळते, वानरपान कुणाला लागत नाही. तरी पाऊस ओसरला की वाडी वर जाते आणि प्रत्येकजण शेजाऱ्याच्या जिभेला पान टेकवतो, तेवढंच.

आजही कुणी माथ्याकडे एकटं निघालेलं दिसलं, की कुणीतरी हातातलं काम टाकून मागून जातं. मागच्या वर्षी माझी बायको वारली. मी एकटाच चढून वर टेकलो नाही तोच आमची भांडकुदळ शेजारीण धापा टाकत आली. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तिनं पदरानं घाम पुसला आणि शेजारी बसली.