काथ्याचे धागे

नदीच्या वळणावर एक उंच कडा होता. त्याला चिखलाचे गोळे चिकटवून भिंगऱ्या घरटी बांधत. खालच्या दगडांत एक घोरपड राहत असे. मुलांनो, ती शिकारीला कुठेच जात नसे. उन्हाने एखादे घरटे तडकले, की तिचे जेवण आपोआप पुढ्यात पडे.

इथेच जन्मलेली, पण दूरच्या मुलखात वाढलेली एक तरुण भिंगरी अंडी घालायला त्या कड्यावर परतली. खाली लवलवणारी घोरपडीची जीभ तिने पाहिली. काठावर काथ्याचा एक जुना दोर कुणीतरी फेकून दिला होता. तिने तो उकलला, धागे तोडून आखूड केले आणि चिखलात कालवू लागली.

शेजारची म्हातारी भिंगरी फणकारली, "अगं ए, घर बांधतेस की उकिरडा? टाकलेल्या वस्तूला आपल्यात चोच लावत नाहीत. नुसता चिखल आपल्या आज्यांना पुरला!"

"पुरला असता, तर घोरपड एवढी गुबगुबीत कशी झाली, मावशी? चिखल सुकताना आक्रसतो, मग तडकतो. धागे त्याला धरून ठेवतात. दोर पुष्कळ उरलाय, तुम्हीही घ्या ना!"

"मोठी शिकून आलीय!" म्हातारीने पाठ फिरवली.

पुढे ऊन भाजू लागले. एका दुपारी, वारा पडलेला असताना, आवाज आला... टच्च! म्हातारीचे घरटे अंड्यांसकट खाली गेले. घोरपड सावकाश पुढे सरकली. मग तिने मान वर केली.

टच्च! आता तरुण भिंगरीच्या पोटाखालची भिंत तडकली. तिने पंख पसरून अंडी झाकली. उडून जावे, तर अंडी जातील. बसून राहावे, तर सगळेच जाईल. भेग केसासारखी वर चढत होती. एक ढेकूळ सुटून लोंबकळू लागले. घोरपडीने जबडा उघडला. भिंगरीने डोळे मिटून घेतले.

पण काहीच पडले नाही. तिने हळूच पाहिले. भेग धाग्यांपाशी येऊन थांबली होती आणि लोंबणारे ढेकूळ काथ्याने घट्ट धरून ठेवले होते. बऱ्याच वेळाने घोरपडीने जबडा मिटला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी चोचीत दोराचा तुकडा घेऊन दारात आली.

"पोरी, हे धागे केवढे तोडायचे गं?"

तात्पर्य : रीत जुनी आहे म्हणून ती भक्कम ठरत नाही; आणि ज्याने घर टिकते, ते टाकाऊ नसते.