रोषणाईवाला आणि प्रवाळ

समुद्र जिथून फार लांब आहे अशा एका गावात रंगनाथ नावाचा एक रोषणाईवाला राहत होता. लग्न असो, उरूस असो, देवळाची जत्रा असो, दिव्यांच्या माळा सोडायच्या त्या रंगनाथनेच. त्याच्या मांडवात जेवण बेताचं असलं तरी लोकांना पंगत थाटाची वाटायची. आयुष्यभर हाच धंदा केल्यामुळे त्याची एक समजूत पक्की झाली होती, की उजेड जितका जास्त तितका चांगला. जास्त उजेडाबद्दल कोणी तक्रार केल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. मांडवातले लोक पंगत उठली की घरी जातात, तिथे मुक्कामाला राहत नाहीत, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्याच्या बायकोचं नाव कुमुदिनी. त्यांना मूलबाळ नव्हतं. लग्नसराईत रंगनाथ गावोगाव फिरायचा आणि कुमुदिनी घरात एकटी असायची. एकदा शहरात एका नातेवाइकाकडे तिने खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली आणि तिला तिचा लळाच लागला. तिने घरी तशी काचेची टाकी मांडली. त्यात मासे दोनच. तिचा खरा जीव होता प्रवाळांवर.

प्रवाळ दिसायला दगडासारखं किंवा वाळक्या फांदीसारखं, पण तो जीव असतो. कुमुदिनीने दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढलेले, बोटाच्या पेराएवढे तुकडे आणून खडकांवर बसवले होते. ते वर्षाकाठी कसेबसे बोटभर वाढायचे. पाण्यातलं मीठ तपासायचं, उन्हाळ्यात पंखा लावून पाणी थंड ठेवायचं, काचा पुसायच्या, अशी तिने त्यांची वर्षानुवर्षं उस्तवार केली. बाहेरून आलेल्याला त्यात बघण्यासारखं काही वाटत नसे. प्रवाळांचा रंग तपकिरी, भिजवलेल्या चिंचेसारखा. पण दिवस कलला की ती आपली बारीक बोटं उघडून पाण्यात डोलायची, आणि कुमुदिनी चहाचा कप घेऊन टाकीपुढे बसायची. तिला दुसरी करमणूक लागत नसे.

आता थोडं दिव्याविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उजेडावर जगतं आणि प्रवाळाला जेवू घालतं. तो तपकिरी रंग त्या शेवाळाचाच. तेव्हा टाकीवरचा दिवा म्हणजे प्रवाळाची चूल. चूल पेटली नाही तर उपास घडतो. आणि जाळ फार झाला तर शेवाळ करपतं, प्रवाळ त्याला अंगाबाहेर टाकून देतं, आणि मग स्वतः उपाशी राहतं.

एका वर्षी कुमुदिनीच्या छातीत दुखू लागलं. उपचारांसाठी तिला शहरात भावाकडे जाऊन राहावं लागणार होतं. नेमका त्याच वेळी टाकीवरचा जुना दिवा लुकलुकायला लागला होता. कुमुदिनीने नव्या दिव्याची चौकशी आधीच करून ठेवली होती. अगदी स्वस्तातले एलईडी दिसायला निळे असतात, पण त्यात प्रवाळाच्या कामाचं फारसं काही नसतं. महागडे असतात ते मोठाल्या टाक्यांसाठी. तिने मधला निवडला होता. बेताच्या किमतीचा, निळसर उजेडाचा, उजेड कमीजास्त करायला एक बटण असलेला. जाताना तिने नवऱ्याला बजावून सांगितलं, की तोच दिवा आणायचा, टाकीपासून हातभर वर टांगायचा, पहिला महिना पाव उजेडावर ठेवायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. रंगनाथने मान डोलावली. गाडी सुटेपर्यंत ती हेच सांगत होती.

रंगनाथचं बायकोवर प्रेम होतं, ते खोटं नव्हतं. ती गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्याला पहिल्यांदा जाणवलं, की आपण दुनियेची लग्नं उजळली, पण हिच्यासाठी म्हणून कधी काही केलं नाही. आता ती बरी होऊन येईल तेव्हा तिच्या टाकीला असा दिवा करायचा, की ती बघत राहिली पाहिजे. या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं, की तिने सांगितलेलं सगळं तो त्या भरात मागे टाकून बसला.

शहरात नौशादभाई नावाच्या माणसाचं टाक्यांचं दुकान होतं. त्याने कुमुदिनीने निवडलेला दिवा लावून दाखवला. रंगनाथचं तोंड उतरलं. निळा, मंद, मिणमिणता उजेड. रोषणाईवाल्याच्या घरात असला दिवा पाहून लोक काय म्हणतील? त्याने दुकानातला सर्वांत मोठा दिवा मागितला.

नौशादभाई म्हणाला, “शेठ, बाईंनी पूर्ण विचार करून निवडलाय. एवढ्या टाकीला मोठा सोसायचा नाही.”

“सोसायचं माझ्या खिशाला आहे,” रंगनाथ म्हणाला, “टाकीला काय सोसायचंय?”

गिऱ्हाइकाला अक्कल शिकवणारा दुकानदार दुकान फार दिवस चालवत नाही. नौशादभाईने मोठा दिवा खोक्यात बांधून दिला.

रंगनाथने तो दिवा टाकीवर अगदी खाली आणून बसवला, बटण शेवटपर्यंत फिरवलं, आणि टाकी लखलखली. पाण्याचा थेंबन्‌थेंब चमकायला लागला. मासे घाबरून खडकामागे गेले. प्रवाळांनी आपली बोटं मिटून घेतली. रंगनाथला वाटलं, नवी नवरी पहिल्या दिवशी लाजते, तसं असेल. सकाळी उठल्याबरोबर दिवा लागायचा आणि रात्री दार लावताना विझायचा. मायेत कुठेही कसूर नको म्हणून तो स्वतः लावायचा.

हळूहळू प्रवाळांचा रंग उतरू लागला. आधी ती फिकी झाली, मग दुधी, आणि मग पांढरी शुभ्र. त्या प्रखर उजेडात ती अशी झळाळत, की खोलीत शिरणारा माणूस दारातच थबकायचा. रंगनाथची थोरली बहीण शेवंताक्का घर सांभाळायला येऊन राहिली होती. तिला तर आनंद मावेना. इतकी वर्षं भावजयीने ती काळपट भुतं कशाला पाळली होती ते तिला कळलं नव्हतं. आता कुठे ती उजळ निघाली, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आपल्याकडे काही पांढरं झालं की ते सुधारलं असं समजायची रीतच आहे. लोक टाकी बघायला येऊ लागले. रंगनाथची छाती फुगली.

एके दिवशी त्याने हौसेने कुमुदिनीला फोनवर सांगितलं, की तुझी प्रवाळं फुलली. सगळी पांढरी झालीत. आल्यावर ओळखणार नाहीस.

“पांढरी म्हणजे कशी?” तिने विचारलं.

“मोगऱ्यासारखी.”

मग ती सावकाश म्हणाली, “अहो, ती फुलली नाहीत. ती उपाशी आहेत. अजून जीव असेल त्यांच्यात. आजच्या आज दिवा वर उचला आणि पावावर आणा. एवढं ऐका माझं.”

रंगनाथच्या मनाला ते लागलं. आपण एवढ्या हौसेने केलं आणि हिला त्यात मरणच दिसलं. तरी तो उठला. त्याने दिवा वर ओढला, बटण मागे फिरवलं. टाकी निळसर, अंधूक झाली. शेवंताक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “रंगनाथ, हे काय सुतकातल्या घरासारखं करून ठेवलंस? उद्या मी बायकांना हळदीकुंकवाला बोलावलंय.”

रंगनाथचा हात बटणावरच होता. एका बाजूला आजारी बायकोचा शब्द होता, दुसऱ्या बाजूला उद्याचं कौतुक. उद्या एवढ्या बायका येऊन जाऊ देत, मग करू, असा त्याने मनाशी तोडगा काढला. बटण पुन्हा पुढे गेलं आणि दिवा पुन्हा खाली आला. दुसऱ्या दिवशी बायका आल्या, वाहवा झाली. त्यांनी घरी जाऊन सांगितलं म्हणून पुरुष आले. पुरुषांनी सांगितलं म्हणून शेजारच्या गावचे लोक आले. कमी करायचा दिवस काही उजाडला नाही.

मधे कुमुदिनीचा फोन यायचा. ती स्वतःच्या तब्येतीचं सांगायच्या आधी विचारायची, “कमी केलात ना हो?”

“केला,” रंगनाथ सांगायचा. तिला घोर लागू नये म्हणून सांगतो, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. त्या एका शब्दावर ती तिकडे निर्धास्त झोपायची.

ती परत आली तेव्हा फार वाळली होती. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं ते ती बरी झाली म्हणून नव्हे. आता करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून. घरात पाऊल टाकलं तशी ती भिंतीला धरत धरत टाकीपाशी गेली. पांढरी प्रवाळंसुद्धा आता उरली नव्हती. त्यांच्या सांगाड्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता आणि तो पाण्याबरोबर लोंबत होता. वरून दिवा नुसता आग ओकत होता.

तिने एकदा दिव्याकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे. रंगनाथला वाटलं, ही आता ओरडेल, रडेल. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

“कमी केला म्हणाला होतात ना?” एवढंच तिने विचारलं.

रंगनाथने दिवा बंद केला. आपण शहरातून याहून चांगली प्रवाळं आणू, हवी तेवढी आणू, आजच गाडी काढतो, असं तो म्हणू लागला. कुमुदिनी खुर्चीवर टेकली. तिला दम लागला होता. “ती वर्षाला बोटभर वाढतात,” ती म्हणाली. “तेवढी वर्षं माझ्यासाठी कुठून आणाल?”

मग ती बसल्या बसल्या वाकून बघत राहिली. सगळ्यात खालच्या खडकाच्या कपारीत, सावलीत, एक तुकडा अजून तपकिरी होता. बोटाच्या पेराएवढा. तिने काचेवर बोट ठेवून तो नवऱ्याला दाखवला.

“हा जगला,” ती म्हणाली. “तुमचा दिवा इथवर पोचला नाही.”

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. जे दिसलं ते सांगितलं. रंगनाथ मात्र ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. साऱ्या पंचक्रोशीत उजेड पाडणाऱ्या माणसाच्या घरात जे जगलं, ते त्याच्या उजेडातून सुटलं म्हणून जगलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो नौशादभाईकडे गेला आणि पहिला, बेताच्या किमतीचा दिवा घेऊन आला. कुमुदिनीची खाट त्याने टाकीपाशी आणली. रोज सकाळी दिवा लावताना तो बटणावर हात ठेवून विचारायचा, “किती ठेवू?” ती उशीवरून मान वळवून बघायची आणि सांगायची, थोडा कमी, किंवा आता जरासा वाढवा. ती सांगेल तिथे हात थांबायचा.

विचारायची सवय लागली तशी त्याने आणखीही काही विचारलं. खोलीत रात्रभर जळणाऱ्या त्या छताच्या मोठ्या दिव्याचा तुला त्रास होतो का, असं एकदा त्याने विचारलं.

“लग्न झाल्यापासून होतो,” कुमुदिनी म्हणाली आणि हसली.

तो दिवा त्याने तेव्हाच काढला. इतकी वर्षं ती डोळ्यांवर पदर घेऊन झोपायची ते तो रोज बघत होता. त्याला ती तिची सवय वाटत होती.

थंडी सरायच्या आत कुमुदिनी गेली. दिवस झाले, पाहुणे पांगले, शेवंताक्काही आपल्या घरी गेली. रंगनाथ सकाळी उठला, टाकीपाशी आला, बटणावर हात ठेवला आणि सवयीने म्हणाला, “किती ठेवू?”

मग तो तसाच उभा राहिला. हात पुढेही जाईना आणि मागेही येईना.

तात्पर्य: ज्याच्यावर माया करायची, त्याला ती किती सोसते हे आधी त्यालाच विचारावं, आणि त्याने सांगितलं की आपली हौस बाजूला ठेवून त्याच दिवशी ऐकावं, कारण सांगणारं माणूस कायमचं जवळ नसतं.