बगळ्याचा प्रयोग आणि गप्प राहिलेली शेळी

एका जंगलात जनावरांच्या डॉक्टरकीचं एक कॉलेज होतं. तसं ते आपल्याकडेही असतं म्हणा, पण आपल्याकडे शिकवायला माणसं लागतात. इथं शिकणारीही जनावरं आणि शिकवणारीही जनावरं, त्यामुळे एकमेकांना नावं ठेवायची सोयच नव्हती. प्राचार्य होता हत्ती. मान डोलावणं हे त्याचं काम, आणि ते त्याला जन्मापासून येत होतं. संशोधन करायचा बगळा. एका पायावर उभा राहून तो तासन्‌तास बघत बसे, म्हणून सगळे त्याला विद्वान म्हणत. मासे काय म्हणत, ते कुणी विचारलं नाही.

या कॉलेजच्या कुंपणाआड एक शेळी राहत असे. कुंपणाबाहेर लांडगा फिरायचा, म्हणून शेळ्या-मेंढ्या तिथं आसऱ्याला असत. पण पावसाळा लागला की करडांना नि कोकरांना हगवण लागे, आणि तिच्यापुढं कुंपणाचं काही चालत नसे. शेळीची आधीची करडं तशीच गेली होती. यंदा एकच उरलं होतं, आणि तेही परवापासून मान टाकून पडलं होतं.

बगळ्यानं तळ्याकाठच्या एका काटेरी झुडपाच्या पाल्याचा कडू काढा केला होता. त्यानं आजारी पिल्लं कॉलेजच्या गोठ्यात दारातून आत घेतली. एक डावीकडं, एक उजवीकडं. डावीकडच्यांना काढा, उजवीकडच्यांना नुसतं पाणी. शेळीचं करडू उजवीकडं गेलं.

"अहो मास्तर, माझ्या लेकराला पाणी कशाला? तहान नाही लागली त्याला, मरायला टेकलंय ते!" शेळी म्हणाली.

"बाई, सगळ्यांनाच काढा दिला, तर काढ्यानं बरी झाली की आपोआप, हे कळणार कसं?" बगळा म्हणाला. "आणि ऐकून ठेव. उजवीकडच्या पिल्लाला कुणी चोरून पाला दिला, तर आई आणि पिल्लू दोघं कुंपणाबाहेर."

हत्तीनं मान डोलावली.

आता पोरांनो, तुमची आई असती तर गप्प बसली असती का? तुमच्यासाठी नसती बसली, असं धरून चालू. शेळीही बसली नाही. झुडपाला काटे होते, पण काट्यांना भिते ती शेळी कसली! ती गुपचूप तळ्यावर गेली, पाला चावून बारीक केला, आणि पाजायला म्हणून जाऊन करडाच्या तोंडात सोडला. करडू उठून बसलं. मग धडपडत उभं राहिलं. शेजारच्या मेंढीनं ते पाहिलं. मेंढीला एकीनं काही केलेलं दिसलं की पुढचा विचार करावा लागत नाही; तिनंही पाला आणला. तिच्यामागून दुसरीनं, दुसरीमागून तिसरीनं. बघता बघता उजवीकडचं अख्खं गोकुळ उड्या मारू लागलं.

बगळ्यानं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि मान पंखात खुपसली. "काढेवाली बरी झाली, पाणीवालीही बरी झाली. म्हणजे काढ्यात काहीच दम नाही. यंदाची साथच हलकी होती."

"मग ते काटेरी झुडूप उपटून टाका," हत्ती म्हणाला. "अंघोळीला जाताना माझ्या सोंडेला टोचतं." प्राचार्य एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलले, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेळीच्या जिभेवर शब्द आला होता. पण तिला कुंपणाबाहेरचा लांडगा दिसला, पायाशी ढुशा देणारं करडू दिसलं. 'झुडपंच ती, उगवतील कुठंही,' तिनं मनाची समजूत घातली आणि शब्द गिळला. मेंढ्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती गप्प म्हणून त्याही गप्प. हत्तीनं सोंडेच्या एका हिसक्यात झुडूप मुळासकट उपटून तळ्यात भिरकावलं.

पुढच्या पावसाळ्यात हगवण पुन्हा आली, आणि या खेपेला ती मोठ्या पिल्लांनाही सोडीना. शेळीच्या त्याच करडाला, आता शिंगं फुटू लागली होती त्याला, सगळ्यांत आधी लागली. शेळी तळ्याकडं पळाली. तिथं हिरवंगार गवत होतं. तिनं तळ्याचा काठ हुंगला, ओढा हुंगला, टेकडीचा दगड नि दगड हुंगला. लांडग्याच्या वाटेनंही गेली, त्याची भीती आठवायलाही तिला सवड नव्हती. तसलं झुडूप त्या जंगलात दुसरं नव्हतंच. ती परत आली, तेव्हा करडू तिची वाट पाहून थंड झालं होतं. त्याच्या अंगावर माशा बसत होत्या. शेजारी मेंढीचं कोकरू, त्याच्या पलीकडं दुसरीचं. डावीकडं तसंच, उजवीकडं तसंच.

शेळीनं तेव्हा बगळ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ दोन्ही पायांवर उभा होता.

"म्हणजे औषध होतं आपल्याकडं," तो म्हणाला.

"होतं, मास्तर."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर बाहेर घातलं असतंत. लांडग्यानं खाल्लं असतं माझं लेकरू."

बगळ्यानं गप्पगार पडलेल्या गोठ्याकडं पाहिलं. "लांडग्यानं एकच खाल्लं असतं गं, बाई," तो म्हणाला.

हत्ती शेजारीच उभा होता. या वेळी मात्र त्याला मान डोलावता आली नाही.

तात्पर्य : आपल्या माणसासाठी चोरून केलेलं भलं एक वेळ माफ होईल; पण ते वेळेवर कबूल केलं नाही, तर साऱ्यांच्या वाट्याचं भलं बुडतं, आणि त्यात आपलं माणूसही जातं.