आठव्या प्लेटचा मान

फार जुनी नाही, पण आत्ताच्या पोरांनी पाहिली नाही एवढी जुनी ही गोष्ट. ठकूबाईच्या विहिरीवर पंपासाठी सोलरच्या आठ प्लेटा होत्या. आठही जणी वाळूच्याच लेकी, भट्टीत तापून निघालेल्या आणि एकाच तारेत ओवलेल्या.

खंडेनवमीला ठकूबाईनं पहिल्या प्लेटच्या कडेला कुंकवाचं बोट लावलं आणि हात जोडले. ते बघून आठवी जळफळली. "ऊन काय ती एकटीच खाते? मला हार घातल्याशिवाय मी वीज देणार नाही."

"अगं, तू अडलीस की आम्ही सातही जणी अडतो," पहिली म्हणाली.

"कुंकू लागलं म्हणून मला शिकवतेस, भवाने!"

पंप गुरगुरून थांबला. वांग्याची कोवळी रोपं माना टाकायला लागली. आठवीचा हट्ट कानावर पडताच ठकूबाई धावत आली. "घे माझे बाई, तुझाही मान घे," म्हणत तिनं झेंडूचा जाडजूड हार आठवीवर आडवा पसरला.

आठवी फुलून गेली. "बघा गं, कुणाला काय मिळालं!" मग ती वीज द्यायला गेली, तर वीज येईना. हाराखाली ऊनच पोचत नव्हतं. पंप मुकाच राहिला. ठकूबाई कपाळाला हात लावून बांधावर बसली. "आता कुणाच्या पाया पडू? रोपं गेली माझी!"

तेवढ्यात एक शेळी आली, आठवीच्या कडेवर पुढचे पाय टेकवून उभी राहिली आणि हार हुंगायला लागली.

आठवी हळूच म्हणाली, "खा गं बाई. एक पाकळीसुद्धा ठेवू नकोस."