गाठीगणिक एक टोला

पूर्वी अरुणपूर नगरात महाकेतु राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका नगारेवाल्याच्या घरी जन्माला आला. बापामागून वेशीवरचा नगारा त्याच्याकडे आला.

त्या नगराची रीत अशी होती. ज्याच्या घरी एक कोटी धन, त्याच्या छपरावर एक ध्वज. दोन कोटी असले की दोन. माणूस मेला की जितके ध्वज तितके टोले पडत, आणि शेवटचा टोला विरेपर्यंत अख्खं नगर हातातलं काम टाकून थांबे. ज्याला ध्वज नाही त्याला टोला नाही. त्याची तिरडी मोठ्या वेशीतूनसुद्धा न्यायची नाही, शेणखताच्या गाड्या जातात त्या मागच्या खिंडारातून न्यायची. आणि नगारेवाल्यानं टोला जास्त वाजवला, तर टोल्यामागे त्याचं एक बोट तोडायचं. अशा रिती पोट भरलेल्यांनीच काढलेल्या असतात.

त्या नगरात तिष्या नावाची म्हातारी सुईण होती. एके सकाळी ती गेली. मागे एकटी लेक, सोणा. शेजारच्या चौघांनी तिरडी उचलली आणि सवयीनं खिंडाराकडे वळवली. सोणाच्या मस्तकात तिडीक गेली.

“खाली ठेवा,” ती म्हणाली. “माझी आई म्हणजे शेण नाही.”

ती तडक वेशीवर गेली. बोधिसत्त्व नगाऱ्याच्या कातड्याला ऊन दाखवत बसला होता.

“वाजव,” सोणा म्हणाली.

“ध्वज किती, बाई?”

“ध्वज विचारतोस? मेल्या, तू तुझ्या आईच्या पोटात आडवा आलास, तेव्हा माझ्या आईनं ध्वज विचारले होते?” तिनं कनवटीचा सुताचा गुंडा काढून त्याच्यापुढे आपटला. “नाळ बांधून सूत उरायचं, त्याला ती दर बाळंतपणाला एक गाठ मारायची. आणि बारशाला हिला कुठे बसवायचे? उंबऱ्याबाहेर! ओटीत काय टाकायचे? शिळं! हे बघ तिचं धन. मोज.”

गुंडा कवठाएवढा होता. बोधिसत्त्वानं तो हातात घेतला, मग आपल्या दहा बोटांकडे पाहिलं. बोटं गेली की नगारा गेला, नगारा गेला की भाकरी गेली, हे त्याला कळत होतं.

“सोणाबाई,” तो म्हणाला, “लोक म्हणतात हे टोले माणसाच्या मोलाचे. तसं असेल तर मी आजवर खोटेच वाजवत आलो.”

त्यानं पहिली गाठ चिमटीत धरली आणि पहिला टोला दिला.

नगर थांबलं. कुंभाराचं चाक थांबलं, रंगाऱ्याचं कापड कढईत पडून काळवंडू लागलं. राजाचे ध्वज नऊ. दहावा टोला पडला तसे लोक एकमेकांची तोंडं पाहू लागले. विसावा पडला तसे वेशीकडे धावले. सात ध्वजांचा वसुपाल श्रेष्ठी तर राजालाच घेऊन आला.

“महाराज, ह्याची दहाही बोटं पुरायची नाहीत,” वसुपाल म्हणाला. “सुरी मागवा.”

“टोले कोणाचे?” राजानं विचारलं.

बोधिसत्त्व म्हणाला, “मी पहिल्या गाठीपासून पुन्हा वाजवतो, महाराज. ज्या टोल्याला कोणी धनी उभा राहणार नाही, तो खोटा. त्याचं बोट घ्या.”

त्यानं टोला दिला. “तो माझा,” म्हातारा पाणक्या काठी टेकत पुढे आला. दुसरा पडला. “माझा,” एक तेलीण म्हणाली, “आणि लगेच अजून एक वाजव, आम्ही जुळ्या.” जी माणसं मरून गेली होती त्यांची नातवंडं उभी राहिली. मग एक गाठ आली, तिच्यात सुताऐवजी तांबडं रेशीम होतं. टोला पडला. कोणी हललं नाही.

“आणा सुरी,” वसुपाल हसला.

सोणा राजासमोर उभी ठाकली. “हे रेशीम तुझ्या आईच्या, थोरल्या राणीच्या शालूचं! तुझे पाय आधी आले होते, राजा. तीन प्रहर माझी आई घामानं निथळत होती. उभ्या नगराचे मुजरे घेतोस, आणि एक टोला घ्यायला जीभ जड होते?”

राजाची मान खाली गेली. “माझा,” तो म्हणाला.

पुढचा टोला पडला. वसुपाल घाईनं म्हणाला, “माझ्या जन्माला राजवैद्य होता. ह्यात माझी गाठ नाही.”

गर्दीतून त्याची आई वाट काढत आली. “कुठला वैद्य, मुडद्या? तुझा बाप तेव्हा दारोदार हिंग विकत होता. म्हशीच्या दावणीशी झालास तू. हो पुढे!”

सगळे हसले. सोणा हसली नाही.

राजा म्हणाला, “तिष्येच्या छपरावर दहा ध्वज लावा. माझ्यापेक्षा एक जास्त.”

“नको!” सोणा कडाडली. “पुन्हा तुझंच माप? तिला फडक्यानं मोजू नकोस.”

बोधिसत्त्वानं नगाऱ्याचं टिपरू राजापुढे धरलं. “महाराज, मी मोजणारा कोण? ज्याचा टोला, त्यानंच द्यावा.”

राजानं आपला टोला स्वतःच्या हातानं दिला. मग एकेक माणूस पुढे येऊन देत गेला. तिष्या मोठ्या वेशीतून गेली. खिंडार बुजवलं गेलं आणि टिपरू नगाऱ्याशेजारी टांगलं गेलं: मेलेल्या माणसाचं ज्याच्यावर देणं असेल, त्यानं यावं.

पुढे काही वर्षांनी वसुपाल मेला. तिरडी वेशीत थांबली. मुलं घरी वाटणीवरून भांडत होती. दुपार झाली तरी टिपरू हललं नाही. घागर घेऊन सोणा तिथून चालली होती. ती थबकली, दात खाऊन तिरडीकडे पाहत राहिली.

“लबाडा,” ती म्हणाली, “तूही रडतच आला होतास. तुझी नाळ आईनंच बांधली.”

तिनं घागर खाली ठेवली आणि एक टोला दिला. अख्खं नगर हातातलं काम टाकून थांबलं.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून भिक्खूंचे गुरू शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, अंगावरचं फाटकं भिक्खुवस्त्र, चीवर, पाहून आज ज्यानं दानशाळेचं दार लावलं, तोच तेव्हाचा वसुपाल. त्याला दारातच खडसावणारी भिक्खुणी ती सोणा. महाकेतु राजा म्हणजे हा आनंद. आणि दहा बोटं पणाला लावून नगारा वाजवणारा मीच होतो.”

ही सत्यपारमी, सत्याची परिपूर्णता.